न दुखणारी गाठ
(आरोग्याचा पाठ: बैठकीत वाचून चर्चा करण्यासाठी)



बैठकीत आपण हप्त्यावर बोलतो, शेळीच्या विम्यावर बोलतो, दारूबंदीवर तर तावातावाने बोलतो. पाळीविषयीसुद्धा आता मोकळेपणाने बोलायला लागलो आहोत. पण कुणी "माझ्या छातीत गाठ लागतेय" असं म्हटलं की सगळ्यांचे आवाज खाली येतात. कुणीतरी पदर सारखा करते आणि अध्यक्षताई पुढचा विषय घेतात. म्हणून या वेळचा आरोग्याचा पाठ स्तनाच्या कर्करोगावर घेतला आहे. पाठ थोडा मोठा आहे. एका बैठकीत नाही झाला तर दोन बैठकींत वाचा. ज्या ताईंना वाचता येत नाही त्यांना सचिवताईंनी वाचून दाखवावा, आणि जिथे कुणी प्रश्न विचारील तिथे थांबावं.

सगळ्यात महत्त्वाचं आहे ते आधी सांगते. आपण दुखण्याला घाबरतो. दाढ ठणकली की रात्र जागून काढतो आणि सकाळी दवाखाना गाठतो. गळू झालं की पोटीस बांधतो. पण स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. ताप नाही, अशक्तपणा नाही, भूकही लागते. बाई खुरपायला जाते, वैरणीचा भारा आणते, लग्नकार्यात जेवणाची पंगत उठवते. अंघोळीला साबण लावताना हाताला काहीतरी कडक लागतं, एवढंच. मग मनात येतं, "दुखत तर नाही, कशाला उगाच पैसे घालवायचे?" दुखणारी गाठ आपण दाखवतो आणि न दुखणारी तशीच ठेवतो. खरं तर उलटं करायला पाहिजे.

पुढे काय होतं तेही आपल्या सगळ्यांना माहीत आहे. सोयाबीन निघू दे, मग जाऊ. दिवाळी होऊ दे. लेकीचं बाळंतपण होऊ दे. मग कुणीतरी बिब्बा लावायला सांगतं, कुणी चुना-गुळाचा लेप सांगतं, कुणी बाहेरचं बघायला नेतं. असं करता करता वर्ष जातं. तोवर सुपारीएवढी गाठ लिंबाएवढी झालेली असते.

या उशिराची किंमत किती, ते आकड्यांत बघा. आपल्या देशातल्या 11 ठिकाणच्या कर्करोग नोंदणीवरून केलेला एक अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. स्तनाचा कर्करोग झालेल्या जवळपास 18 हजार बायकांची त्यात माहिती आहे. रोग फक्त स्तनातच असताना ज्यांचा सापडला, त्यांच्यातल्या 100 पैकी 81 जणी 5 वर्षांनंतर जिवंत होत्या. रोग काखेपर्यंत किंवा आजूबाजूला गेल्यावर ज्या आल्या, त्यांच्यातल्या साधारण 65. आणि हाडं, फुप्फुस, यकृत अशा लांबच्या अवयवांत पोचल्यावर ज्या आल्या, त्यांच्यातल्या फक्त 18. हे आकडे फळ्यावर किंवा वहीच्या पानावर मोठे लिहून सगळ्यांना दाखवा: 81, 65, 18.

हा रोग म्हणजे काय

आपलं शरीर बारीक बारीक पेशींचं बनलेलं आहे. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात, आणि हे सगळं हिशोबात चालतं. कधी कधी काही पेशींचा हिशोब बिघडतो आणि त्या वाढतच जातात. शेतात हराळी कशी, वर दिसते त्याच्यापेक्षा जमिनीखाली जास्त पसरते, तसंच. स्तनात दूध तयार होणाऱ्या आणि दूध वाहून नेणाऱ्या ज्या नळ्या असतात, तिथून हा रोग बहुधा सुरू होतो. मग काखेतल्या गाठींत जातो, आणि तिथून रक्तावाटे पुढे.

भारतातल्या बायकांमध्ये आज सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग हाच आहे. 2022 या एका वर्षात देशात सुमारे 1 लाख 92 हजार बायकांना तो नव्याने झाला आणि सुमारे 98 हजार जणी त्याने दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. शहरात प्रमाण जास्त आहे, खेड्यात कमी. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला 1987 पासून गावोगावच्या कर्करोगाची नोंद ठेवली जाते, देशातली ग्रामीण भागाची ती पहिली नोंदणी. म्हणजे हा रोग खेड्यात कमी असला तरी होतो, आणि तो ठाऊक असूनही आपल्याला कित्येक वर्षं झाली. "आम्ही कष्टाच्या बायका, आम्हाला काय होतंय" या भरवशावर राहू नका.

कुणाला होऊ शकतो

बाई असणं आणि वय वाढणं, या दोन सगळ्यात मोठ्या गोष्टी, आणि दोन्ही आपल्या हातात नाहीत. परदेशातल्या गोऱ्या बायकांना हा रोग बहुधा साठीच्या आसपास होतो. आपल्याकडे तो साधारण दहा वर्षं आधी, म्हणजे पंचेचाळीस-पन्नाशीत जास्त दिसतो. तिशीतल्या बायकांनाही होतो. गटातल्या बहुतेक जणी याच वयाच्या आहेत.

आई, सख्खी बहीण किंवा लेक यांना झाला असेल, विशेषतः कमी वयात, तर आपला धोका वाढतो. अशा ताईंनी डॉक्टरांना हे आपणहून सांगायचं, त्यांनी विचारायची वाट बघायची नाही. वडिलांकडची आत्या, आजी यांचाही विचार होतो. पण एक लक्षात घ्या: ज्यांना हा रोग होतो त्यातल्या बहुतेक जणींच्या घरात आधी कुणालाच नसतो. त्यामुळे "आमच्यात कुणाला नाही" हे काही तपासणी न करण्याचं कारण होत नाही.

पाळी लवकर सुरू होणं, उशिरा जाणं, मूल न होणं किंवा पहिलं मूल तिशीनंतर होणं, यानेही धोका थोडा वाढतो. इथे मला एक सांगावंसं वाटतं. मूल नसलेल्या बाईला गावात आधीच पुष्कळ ऐकावं लागतं. तिला झालाच तर "मूल नाही म्हणून झाला" असं म्हणायची सोय या माहितीत शोधू नका. धोका थोडा जास्त असणं म्हणजे दोष असणं नव्हे.

आपल्या हातात काय आहे? बाळाला अंगावर पाजणं. जितके जास्त महिने पाजाल तितका धोका कमी होतो, हे जगभरातल्या अभ्यासांतून दिसलं आहे. पाळी गेल्यावर अंगावर चरबी वाढू न देणं. दारू न पिणं. मिश्रीचं मी इथे फारसं लिहीत नाही. ती मुख्यतः तोंडाच्या कर्करोगाकडे नेते आणि तो एक वेगळा पाठ होईल, पण डबी बंद करायला पुढच्या पाठाची वाट बघायची गरज नाही.

आता गैरसमज. बैठकीत हमखास निघणारे आहेत म्हणून लिहिते. घट्ट ब्लाउज किंवा बॉडी घातल्याने कर्करोग होत नाही. ब्लाउजमध्ये पैशाचा बटवा ठेवल्याने होत नाही. बैलाने मारलं, पाट्याचा मार लागला, म्हणून होत नाही. मार लागल्यावर आपला हात तिथे जातो आणि आधीपासून असलेली गाठ तेव्हा कळते, असं मात्र होतं. बाळाने चावल्याने, दूध साकळल्यानेही होत नाही. आणि हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ज्या ताईला झाला तिचं ताट-वाटी वेगळं ठेवणं, नवऱ्याला किंवा लेकराला तिच्यापासून लांब ठेवणं, याला काहीही आधार नाही. पुरुषांनाही हा रोग होतो. फार कमी, साधारण 100 रुग्णांत एखादा, पण होतो. घरातल्या पुरुषाच्या छातीत गाठ लागली तर त्यांनाही दाखवायला लावा.

काय दिसलं तर थांबायचं नाही

स्तनात किंवा काखेत गाठ किंवा कडकपणा, दुखो वा न दुखो. एका स्तनाचा आकार अलीकडे बदललेला. कातडीला खळी पडणं, किंवा कातडी संत्र्याच्या सालीसारखी जाड, खड्ड्याखड्ड्यांची होणं. बोंड आधी बाहेर होतं आणि आता आत ओढलं गेलं (काहींचं जन्मापासूनच आत असतं, ते वेगळं). बोंडातून रक्त किंवा रक्तासारखं पाणी येणं. बोंडाभोवती खाज, खपल्या, बरी न होणारी जखम.

यातलं काही आढळलं म्हणजे कर्करोगच आहे असं नाही. बहुतेक गाठी साध्याच निघतात. तरुण मुलींमध्ये गोटीसारखी, हाताखाली सरकणारी गाठ बऱ्याच वेळा साधी असते. पाळीच्या आधी दोन्ही बाजूंना दुखणं, जड वाटणं हेही नेहमीचं. पण साधी आहे की नाही हे आपण ठरवायचं नाही, शेजारणीने तर नाहीच नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईला गाठ झाली, तर ती दुधाचीच असेल म्हणून महिनोन्‌महिने काढू नका. दोन आठवड्यांत गेली नाही तर दाखवा.

"मग स्वतःच्या हाताने तपासायचं का?" हा प्रश्न आरोग्य शिबिरात नेहमी येतो. चीनमध्ये शांघाय शहरातल्या अडीच लाखांहून जास्त कामगार बायकांवर याचा मोठा अभ्यास झाला. निम्म्या जणींना हाताने तपासणी नीट शिकवली, निम्म्या जणींना नाही. 2002 मध्ये त्याचा निकाल आला. शिकवलेल्या बायकांचे मृत्यू काही कमी झाले नाहीत. साध्या गाठी मात्र जास्त सापडल्या आणि त्यांच्या तपासण्या वाढल्या. याचा अर्थ स्वतःकडे बघायचंच नाही असा नाही. आपलं अंग कसं आहे ते ओळखीचं हवं, म्हणजे बदल झाला तर चटकन लक्षात येतो. पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांनी, अंघोळीच्या वेळी, बोटांच्या टोकांनी नाही तर बोटांच्या सपाट भागाने काखेपर्यंत हात फिरवून बघा. पाळी गेली असेल तर महिन्याची एक तारीख ठरवा. पण "मी घरी बघते ना" असं म्हणून नर्सताईंची तपासणी चुकवू नका. आणि बदल जाणवल्यावर पुढे गेलंच नाही, तर घरी बघून काही उपयोग नाही.

तपासणी कोण करतं, कुठे होते

1998 मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने वस्त्यांमध्ये राहणाऱ्या, 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या बायकांच्या स्तनांची दर दोन वर्षांनी हाताने तपासणी झाली, अशा चार फेऱ्या. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्य सेविका होत्या. मॅमोग्राफीचं मशीन नव्हतं. उरलेल्या निम्म्या बायकांना कर्करोगाची माहिती दिली. मग 20 वर्षं या सगळ्या जणींवर लक्ष ठेवलं. 2021 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. तपासणी झालेल्या बायकांचा रोग लवकरच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये मात्र मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही, हेही खरं सांगायला हवं. त्यामुळे पन्नाशीच्या पुढच्या ताई, सासवा, काकू, मावश्या यांनी तर तपासणी चुकवूच नये. आपल्याकडे नेमकं उलट होतं. शिबिराला सून जाते आणि सासूबाई म्हणतात, "आता आमचं काय राहिलंय तपासायचं?"

हीच हाताने करायची तपासणी आता सरकारी कार्यक्रमात आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची आशाताई एक फॉर्म भरून माहिती घेतात. त्यात बायकांना छातीत गाठ आहे का, बोंडातून रक्त येतं का, आकार बदलला का, हे विचारलेलं असतं. आशाताई विचारतील तेव्हा दारात सासरे बसले आहेत म्हणून "काही नाही" असं सांगून मोकळ्या होऊ नका. आत बोलवा, चहा टाका, नीट सांगा. पुढची तपासणी उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात होते. 30 ते 65 वयात दर पाच वर्षांनी स्तनांची तपासणी व्हावी असं धोरण आहे. त्याच वेळी तोंडाची आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी आणि बीपी-शुगरही होते. तपासणारे समुदाय आरोग्य अधिकारी पुरुष असतील आणि संकोच वाटत असेल, तर नर्सताईंकडून तपासून घ्यायचं आहे असं स्पष्ट सांगा. त्यात कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. पण त्या एका कारणासाठी घरी परतू नका.

मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे. स्तन दोन पाट्यांमध्ये दाबून फोटो काढतात, थोडं दुखतं, काही मिनिटांत होतं. तरुण वयात स्तन घट्ट असतात, त्यामुळे फोटोत नीट दिसत नाही. मग सोनोग्राफी करतात. यातलं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील.

गाठ सापडल्यावर

उपकेंद्रातून ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवतात. तिथे हाताने तपासणी, फोटो आणि मग सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणी, असा क्रम असतो. या सुईलाच बायका सगळ्यात जास्त घाबरतात. "सुई टोचली की पसरतो", "लोखंड लागलं की भडकतो", असं गावोगावी ऐकू येतं. हे खरं नाही. सुईच्या तपासणीशिवाय गाठ कसली आहे ते पक्कं कळत नाही आणि कुठलं औषध चालेल तेही कळत नाही. उलट, तपासणी न करता कुणीतरी छोट्या दवाखान्यात गाठ नुसती कापून काढली, तुकडा तपासायला पाठवलाच नाही, तर पुढचे उपचार अवघड होऊन बसतात. म्हणून कापण्याआधी विचारा: "सुईची तपासणी झाली का? रिपोर्ट कुठे आहे?" आणि तो रिपोर्ट जिवापाड जपा. गटाच्या वह्या ठेवतो तशा एका पिशवीत सगळे कागद तारखेप्रमाणे लावा.

उपचार सगळ्यांचे सारखे नसतात. शेजारच्या गावातल्या बाईला काय दिलं त्यावरून आपलं ठरवू नका. शस्त्रक्रियेत प्रत्येक वेळी पूर्ण स्तन काढतात असं नाही. गाठ लहान असेल तर नुसती गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढून नंतर किरणांचा उपचार (आपल्याकडे 'शेक' म्हणतात तो) देतात. त्यानेही बाई तितकंच आयुष्य जगते, हे अभ्यासांतून पक्कं झालं आहे. लवकर गेल्याचा हाही एक फायदा. पूर्ण काढावा लागला तर वाईट वाटणारच. आतल्या पॅडची पिशवी मिळते, शिवूनही घेता येते, आणि गटातल्या शिवणकामाच्या ताई ती सहज करू शकतील.

केमो म्हणजे सलाईनमधून द्यायचं औषध. ते बहुधा तीन-तीन आठवड्यांनी, काही महिने चालतं. काही औषधांनी केस जातात, संपल्यावर परत येतात. मळमळ होते, तोंड येतं, थकवा येतो. त्यावर औषधं असतात, मागून घ्यायची. पण केमो चालू असताना ताप आला तर घरी काढा पीत बसायचं नाही. त्याच दिवशी रुग्णालयात जायचं, कारण त्या काळात अंगाची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते.

बऱ्याच बायकांची गाठ शरीरातल्या स्त्री-संप्रेरकांवर वाढणारी असते. त्यांना शेवटी रोजची एक गोळी देतात, टॅमॉक्सिफेन किंवा त्यासारखी दुसरी, पाच वर्षं आणि काहींना दहा. गोळी तशी स्वस्त आहे, दिसायला साधी आहे, आणि म्हणूनच बायका ती सोडून देतात. "आता बरी आहे, किती दिवस खायची?" त्या गोळीचं काम रोग परत येऊ न देण्याचं आहे. गोळीने अंगातून गरम वाफा येतात, घाम येतो. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, पण परस्पर बंद करू नका. पाळी गेल्यावर ही गोळी चालू असताना अंगावर लाल गेलं तर मात्र लगेच दाखवा. आणि ही गोळी घेताना दिवस राहू देऊ नयेत.

आता हाताविषयी, कारण शेतात काम करणाऱ्या बाईसाठी हे फार महत्त्वाचं आहे. काखेतल्या गाठी काढल्यावर त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते, काही महिन्यांनी किंवा वर्षांनीसुद्धा. रुग्णालयात दाखवलेला हाताचा व्यायाम रोज करायचा, हात आखडू द्यायचा नाही. त्या हाताला खुरप्याचा वार, काटा, भाजणं यापासून जपायचं. काम करताना जुन्या शर्टाची बाही किंवा मोजा घालायचा. घट्ट बांगड्या त्या हातात नकोत. इंजेक्शन किंवा बीपी शक्यतो दुसऱ्या हाताला घ्यायचं. हात लाल झाला, गरम लागला, तर दवाखाना. जड हंडा, भरलेलं पोतं लगेच उचलायला लागू नका, हळूहळू सवय करायची. घरातल्यांनी हे समजून घ्यायला हवं. बाई रुग्णालयातून आली, चालती-फिरती दिसली, की आठ दिवसांत तिच्या डोक्यावर हंडा येतो. हे मी फार ठिकाणी बघितलं आहे.

पैसा आणि जाणं-येणं

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आणि तिला जोडलेल्या आयुष्मान भारत योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि किरणोपचार बसतात. कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड लागतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात, आधी त्यांना भेटा. कुठलं रुग्णालय योजनेत आहे हे 155388 या नंबरवर विचारता येतं. दाखल होण्याआधीच्या काही तपासण्यांचे पैसे भरावे लागू शकतात, ते आरोग्यमित्रांना आधीच विचारून ठेवा. रेशनकार्डावर सुनेचं नाव अजून माहेरीच आहे, किंवा आधारवर नाव वेगळं आहे, अशा कारणांनी ऐन वेळी धावपळ होते. हे काम आजारी पडण्याची वाट न बघता आत्ताच करून घ्या.

मुंबईत परळचं टाटा, बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय, ही आपल्या राज्यातली काही मोठी ठिकाणं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला सवलत मिळते, त्याचा दाखला रुग्णालयातून घ्यायचा. मुंबईत राहायचा प्रश्न मोठा असतो. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात विचारलं की राहण्याची आणखी ठिकाणंही सांगतात.

पण गाडीभाडं, बुडालेली मजुरी, सोबत जाणाऱ्याचं जेवण, हे कुठल्याच योजनेत बसत नाही. आणि बाई अडते ती इथेच. शस्त्रक्रियेचे लाख रुपये योजना देते, जिल्ह्याच्या गावी जायचे पाचशे रुपये कुणी देत नाही. आपल्या दशसूत्रीत आरोग्य हे एक सूत्र आहे. ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी, म्हणजे आपण व्हीआरएफ म्हणतो तो, अशाच वेळेसाठी असतो. गटाच्या अंतर्गत कर्जातूनही पहिल्या फेरीचा खर्च त्याच दिवशी देता येतो. आजारी ताईच्या हप्त्याचं काय करायचं, तेही बैठकीत बोलून ठरवा आणि ठरावात लिहा. तिला दारोदार विनवण्या करायला लावू नका.

नवऱ्याला कसं सांगायचं, असं बऱ्याच ताई विचारतात. पुष्कळ पुरुषांना खरोखर काही माहीत नसतं, आणि भीतीपोटी ते रागावतात. अशा वेळी एकटीने सांगण्यापेक्षा आशाताई किंवा गटातली जाणती बाई सोबत घ्या. "उपकेंद्रात फुकट तपासणी आहे, गटातल्या सगळ्या चाललो आहोत", इतकं सांगितलं तरी पहिलं पाऊल पडतं. चाळीस-पन्नास बायका एकदम गेल्या की कोण कशासाठी आली हे कुणी विचारत नाही.

बैठकीत बोलण्यासाठी

81, 65 आणि 18 हे आकडे कशाचे आहेत, ते एका ताईने स्वतःच्या शब्दांत सांगावं.

आपल्या गटात तिशीच्या पुढच्या किती जणी आहेत आणि त्यातल्या किती जणींची तपासणी झाली? पन्नाशीच्या पुढच्या किती? सचिवताईंनी नावं लिहून यादी आशाताईंकडे द्यावी आणि उपकेंद्रात जायची तारीख याच बैठकीत ठरवावी. घरातल्या सासूबाईंचं नावही यादीत घालावं, त्या गटात नसल्या तरी.

गाठ सापडल्यावर तुम्ही पहिल्यांदा कुणाला सांगाल? आणि ते सांगायला काय आडवं येईल? या प्रश्नाची उत्तरं लिहून घ्यायची गरज नाही. नुसतं एकमेकींना ऐका. आणि बैठक संपल्यावर कुणी मागे रेंगाळली, तर तिच्याजवळ जरा थांबा.